मेंटल हेल्थ नर्सिंगच्या टर्म्स पाठ आहेत, पण पेशंट समोर आला की सगळ्या मिसळतात, काय करू?

निपाणीकडच्या एका मुलीचा प्रश्न आहे, बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या महिन्यात धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत, पोस्टिंग. ती लिहिते की हॅल्युसिनेशन, इल्युजन, डिल्युजन, मूड, अफेक्ट, इनसाइट सगळं पाठ केलंय, पण पेशंटपुढं बसलं की कुठला शब्द कुठं लावायचा तेच सुचत नाही आणि व्हायव्हात तर सगळा गोंधळ. मराठीत एक लिस्ट मिळेल का असं विचारतेय, आणि शेवटी हळूच लिहिलंय की वॉर्डात जायची भीती वाटते.

मी बेळगावात सायकियाट्री वॉर्डला काम करते, बरीच वर्षं झाली, पोस्टिंगच्या मुली दरवर्षी माझ्याकडं येतात आणि हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. लिस्ट मी देणार नाही, ती तुझ्या पुस्तकात आहेच आणि तिचा उपयोग किती झाला ते तूच लिहिलंयस. तुझं पाठांतर कमी पडत नाहीये. पुस्तकात आधी टर्म येते आणि पेशंट नंतर, उदाहरण म्हणून. वॉर्डात आधी माणूस असतो, तो काहीतरी बोलतो, काहीतरी करतो, आणि त्यातून तुला शब्द काढायचा असतो. ही उलटी वाट तुला कुणी चालायला लावलेली नाही. म्हणून मी मुलींना सांगते की शंभर टर्म्स एका रांगेत पाठ करू नका, ज्या दोन टर्म्समध्ये गल्लत झाली तर पेशंटला त्रास होतो त्या जोड्या आधी पक्क्या करा. बाकीच्या मागनं येतात.

सगळ्यात महत्त्वाची जोडी माझ्या मते डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडानं अचानक भान हरपणं, आणि सायकोसिस, म्हणजे मानसिक आजारात खऱ्याखोट्याचं भान सुटणं. आमच्याकडं कायम येणारा कॉल सांगते. खानापूर बाजूचा पन्नाशीचा माणूस, पाय मोडला म्हणून ऑर्थोला अॅडमिट, दोन दिवस शांत होता आणि तिसऱ्या रात्री उठून बसला, बेडशीटवरनं काहीतरी वेचून खाली टाकतोय, सलाईन ओढतोय, कोपऱ्यात म्हस बांधलीय म्हणतोय, बायकोला ओळखत नाही. नातेवाईक म्हणतात डोकं फिरलं, ऑर्थोची सिस्टर म्हणते पेशंट सायकोटिक झालाय, तुमच्याकडं घ्या. आता इथं थांबायचं. त्याला विचार की आपण कुठं आहोत, आज वार कुठला, सकाळ आहे की रात्र. तो सांगू शकत नाही, मध्येच दोन मिनिटं नीट बोलतो आणि परत भरकटतो, हात थरथरतायत, कपाळावर घाम, नाडी जोरात. हे मन बिघडण्याआधी शरीर बिघडल्याचं लक्षण आहे. बायकोला बाजूला घेऊन विचारलंस की दारू शेवटची कधी घेतली, तर ती सांगेल अॅडमिट व्हायच्या दिवशी सकाळी. म्हणजे विथड्रॉवल, दारू अचानक तुटल्याचा त्रास. त्यातला डिलिरियम, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स, साधारण शेवटच्या पेगनंतर ४८ ते ९६ तासांत येतो, आणि दवाखान्यातला तिसरा दिवस बरोबर त्यातच पडतो. याला सायकोसिस म्हणून नुसतं हॅलोपेरिडॉल, म्हणजे सायकोसिसचं औषध, देत बसलं तर मूळ आजार तसाच राहतो, शिवाय फिट यायची भीती वाढते. त्याला बेन्झोडायझेपिन गटातलं शांत करणारं औषध लागतं, थायमिन (व्हिटॅमिन बी१) लागतं आणि हे थायमिन ग्लुकोज चढवायच्या आधी लागतं, व्हायटल्स आणि शुगर बघावी लागते. जीव जाऊ शकतो यात, म्हणून ही जोडी पहिली.

ओरिएंटेशन विचारताना एक ध्यानात ठेव. तारीख विचारून उपयोग होईलच असं नाही, शेतावरच्या कितीतरी माणसांना बरं असतानाही तारीख माहीत नसते. गावचा बाजार कुठल्या वारी, तो होऊन गेला की यायचाय, ऊस तुटला की अजून उभा आहे, असं विचार. त्यातनं खरं कळतं. आणि माणसाला नसलेल्या गोष्टी डोळ्यांना दिसायला लागल्या की आधी शरीराकडं बघायची सवय लाव. स्किझोफ्रेनियात जास्त करून आवाज असतात. कीटकनाशक प्यायलेला पेशंट मेडिसिन वॉर्डात अॅट्रोपिनवर, म्हणजे त्या विषावरच्या औषधावर, असतो, तोही हवेतनं काहीतरी पकडायला लागतो, बडबडतो, आणि ते बऱ्याचदा अॅट्रोपिन जास्त झाल्याचं असतं.

दुसरी जोडी, अॅजिटेशन, म्हणजे मनाची अस्वस्थता, आणि अकाथिसिया, म्हणजे सायकोसिसच्या औषधानं एका जागी बसवेनासं होणं. पुस्तकात अकाथिसिया साइड इफेक्ट्सच्या तक्त्यात एका ओळीत संपतो, वॉर्डात तो रोज भेटतो. नवीन अॅडमिट झालेला पोरगा, इंजेक्शन सुरू झालंय, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो कॉरिडॉरमध्ये ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतोय. बसवलं तर पाय हलतात, मांडी बदलतो, उठतो, परत बसतो, जेवणाच्या ताटापुढं पण उभाच. ड्युटीवरची सिस्टर रेस्टलेस, अॅजिटेटेड असं लिहिते, रात्री त्याला पीआरएन म्हणून, म्हणजे गरज पडली तर द्यायचं म्हणून, तेच इंजेक्शन आणखी मिळतं आणि सकाळी तो जास्त चालतो. अशा वेळी मी एवढंच विचारते, "बाळा, चालावंसं मनातनं वाटतंय की पाय बसू देईनात?" ज्याला अकाथिसिया आहे तो लगेच सांगतो की पाय, आक्का, आतनं कायतरी ओढतंय. हे वाक्य जसंच्या तसं नोट्समध्ये लिहून डॉक्टरांना फोन करायचा. डोस कमी करायचा, औषध बदलायचं की प्रोप्रॅनोलॉल द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण ते ठरायला तुझ्या नोट्समध्ये बरोबर शब्द हवा. हा त्रास एवढा भयंकर असतो की काही पेशंट औषध कायमचं सोडतात, काहींच्या मनात जीव द्यायचे विचार येतात.

त्याच घरातला, म्हणजे त्याच औषधांचा दुसरा साइड इफेक्ट, डिस्टोनिया, स्नायू आवळून अडकणं. तरुण पोरांत जास्त, औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच. मान एका बाजूला वळून अडकते, जबडा आवळतो, डोळे वर चढतात. हे घरी झालं तर घरचे त्याला देवऋष्याकडं नेतात, कारण वरवर बघणाऱ्याला ते झपाटल्यासारखंच दिसतं. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात मान मोकळी होते. म्हणून डिस्चार्जच्या वेळी घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं की असं झालं तर ते औषधानं झालंय, घाबरू नका, पण लगेच दवाखान्यात आणा. आणि अंग कडक होऊन सोबत ताप चढला, घाम सुटला, माणूस गुंगीत गेला तर तो न्युरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, ह्याच औषधांचा जिवावर बेतणारा साइड इफेक्ट, असू शकतो, ती इमर्जन्सी, तिथं सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

आता डिल्युजन आणि श्रद्धा, इथं आपल्या भागात फार जपून पाऊल टाकावं लागतं. व्याख्या तुला पाठ आहे, चुकीची, पक्की, पुराव्यानं न हलणारी समजूत, पण त्या व्याख्येचं शेवटचं वाक्य मुली गाळतात की ती त्या माणसाच्या समाजात, धर्मात मान्य असलेली नसावी. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत बाईच्या अंगात येतं, ती घुमते, देवीच्या नावानं बोलते, आणि आरती झाली की पदर सावरून पोराला जेवायला वाढते. हिला आजार म्हणायचं कारण नाही. त्याच गावातली दुसरी बाई, तीन आठवडे झोपलेली नाही, वेळीअवेळी देवी बोलते म्हणते, जेवणात विष आहे म्हणून जेवत नाही, पोराला शाळेला पाठवत नाही, आणि तिच्याबरोबर वर्षानुवर्षं डोंगरावर जाणाऱ्या जावाच म्हणतात की हे देवीचं नव्हे, हे वेगळं आहे. मग आपण ऐकायचं. करणीचंही तसंच. करणी केलीय असं अर्धं गाव म्हणत असेल तर नुसत्या तेवढ्यावर डिल्युजन लिहू नको. झोप, जेवण, काम, नाती किती बिघडली ते बघ, समजूत कधी सुरू झाली ते विचार, आणि घरच्या जाणत्या माणसाला विचार की तुम्हालाही असंच वाटतं का. बाहेरून आलेल्या मुलींना हे लवकर समजत नाही, तुला समजेल, तू याच मातीतली आहेस.

डिल्युजन असलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही आणि हो ला हो पण म्हणायचं नाही. "शेजारी तुमच्यावर पाळत ठेवतात असं तुम्हाला वाटतंय, मग रात्री झोप लागत नसेल", एवढं बोललीस तरी तो पुढं बोलतो. पाळत खरी की खोटी ह्यात शिरलीस तर बोलणं तिथंच तुटतं.

हॅल्युसिनेशन आणि इल्युजनमध्ये फरक एवढाच की इल्युजनमध्ये वस्तू असते आणि वेगळी दिसते, खुंटीवरचा शर्ट माणूस वाटतो, आणि हॅल्युसिनेशनमध्ये काही नसताना दिसतं, ऐकू येतं. हे तुला येतंच. पण आवाज येतात म्हणाला की टिकमार्क करून पुढं जाऊ नको. आवाज काय म्हणतो ते विचार. काही करायला सांगतो का? स्वतःला किंवा दुसऱ्याला मारायला सांगतो का? आणि सांगितलं तर तुम्ही काय करता? कमांड हॅल्युसिनेशन ही टर्म ह्या प्रश्नांसाठी आहे. "मला आवाज ऐकू येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि त्याचा त्रास होतोय हे मला दिसतंय" असं म्हणायला शिक, हे खोटंही नाही आणि त्याला खोटं पाडणारंही नाही.

मूड आणि अफेक्ट. मूड म्हणजे गेले कित्येक दिवस त्याच्या मनाचं जे चाललंय, ते तो सांगेल ते, त्याच्याच शब्दांत अवतरणात लिहायचं. अफेक्ट म्हणजे आत्ता बोलताना तुला त्याच्या चेहऱ्यावर, आवाजात, हातवाऱ्यात काय दिसतंय ते. पण दुःखाची गोष्ट सांगताना हसला की लगेच इनकॉन्ग्रुअंट, म्हणजे बोलणं आणि चेहरा जुळत नाही असं, लिहून मोकळी होऊ नको. आपल्याकडची माणसं, बायका तर जास्त, परक्यापुढं रडायचं नाही म्हणून हसून सांगतात. दोन-तीनदा बसून बघ, घरचे असताना आणि नसताना. थॉटच्या टर्म्सचंही असंच. "जेवलात का?" विचारल्यावर एखादे आजोबा सुनेनं भाकरी केली, जोंधळा अवंदा महाग, धाकटा भाऊ अथणीला असतो, सगळं सांगून मग हां जेवलो म्हणतात, तर हे सर्कमस्टॅन्शियल, कारण उत्तर शेवटी आलं. आलंच नसतं आणि बोलणं अथणीवरनं पुढं पुढंच गेलं असतं तर टॅन्जेन्शियल. पण आजोबा आधीपासून असेच बोलतात का हे घरच्यांना विचारल्याशिवाय ते लक्षण धरू नये.

निगेटिव्ह सिम्प्टम्स, म्हणजे स्किझोफ्रेनियात माणसाचं बोलणं, इच्छा, उत्साह आटणं, हा शब्द मला वाटतं सगळ्यात कमी समजून घेतला जातो आणि घरात त्यावरनंच सगळ्यात जास्त भांडणं होतात. आवाज बंद झाले, भीती गेली, तरी पोरगा अंघोळ करत नाही, दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून, कुणाशी बोलणं नाही. बाप म्हणतो आता बरा झालाय, आळस आहे, माज आहे. तो आजाराचाच भाग असू शकतो, डिप्रेशन असू शकतं, किंवा औषधाची गुंगी, औषधानं आलेलं पार्किन्सनिझम, म्हणजे अंग मंद, ताठ होणं आणि थरथर, असू शकतं, आणि ह्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. नुसतं "पेशंट विड्रॉन" लिहून हे कळत नाही. हात थरथरतात का, चालताना हात हलतात का, औषधाच्या वेळेनंतरच जास्त झोपतो का, स्वतःला दोष देतो का, हे बघून लिहिलंस तर डॉक्टरांना काहीतरी धरता येतं.

इनसाइट, म्हणजे आपल्याला आजार आहे ह्याची जाण, हो किंवा नाही असं नसतं, १ ते ६ अशा पायऱ्या आहेत, १ म्हणजे आजार साफ नाकारणं आणि ६ म्हणजे आजार मनापासून कळून वागणं बदलणं. गोळी घेतो म्हणजे इनसाइट आहे असं धरू नको, बायको रडते म्हणून गोळी घेणारे भरपूर असतात, आणि घरी गेल्यावर महिन्याभरात तेच बंद करतात. लिथियमवर, म्हणजे मूड ताब्यात ठेवणाऱ्या गोळीवर, असलेल्यांना तर जास्तच समजावून सांगावं लागतं, कारण उन्हात ऊसतोडीला गेला, घाम गेला, पाणी कमी पडलं, अंगदुखीला मेडिकलमधनं आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली की रक्तातलं लिथियम वाढतं. रक्ताच्या तपासणीत ते १.५ (mEq/L) च्या वर गेलं की विषारी व्हायला लागतं. हाताची थरथर वाढणं, जुलाब, उलटी, तोल जाणं दिसलं तर गोळी थांबवून दवाखाना, हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं.

आत्महत्येबद्दल विचारायला मुली घाबरतात, विचारलं तर त्याच्या डोक्यात शिरेल असं वाटतं. तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. आयडिएशन, प्लॅन, इंटेंट, मीन्स हे चार शब्द म्हणजे खरं तर चार प्रश्न आहेत: विचार येतो का, कसं करायचं ठरवलंय का, करायचंच असं मनात आहे का, आणि साधन हाताशी आहे का. आपल्या भागात चौथा प्रश्न म्हणजे घरात तणनाशक, कीटकनाशक कुठं ठेवलंय. ते घरातनं हलवायला, कुलपात ठेवायला नातेवाइकांना स्पष्ट सांगायचं, डिस्चार्जच्या कागदावर लिहून. आणि मेंटल हेल्थकेअर कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं, त्याला गुन्हेगारासारखं वागवायचं नसतं. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे.

त्याच कायद्यातली दुसरी गोष्ट तुला पोस्टिंगला लगेच लागेल, रिस्ट्रेंट. बांधणं ही शिक्षा नाही आणि स्टाफ कमी आहे म्हणून करायची सोय पण नाही. त्या क्षणी त्याला किंवा दुसऱ्याला इजा होणार असेल आणि दुसरा काहीच मार्ग नसेल तरच, सायकियाट्रिस्टच्या परवानगीनं, गरज असेल तेवढाच वेळ, आणि कारण, पद्धत, वेळ सगळं नोंदवून. एकट्याला कोंडून ठेवायला कायद्यानं बंदीच आहे. बांधलेल्या माणसाच्या हातापायाचं रक्ताभिसरण, पाणी, लघवी बघणं हे नर्सचं काम, आणि त्याच्याशी बोलत राहणं पण.

आता भीतीचं. हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन नर्सनं १९५२ मध्ये नर्स आणि पेशंटच्या नात्यालाच उपचाराचा भाग म्हटलं, तुला ते टप्पे पाठ असतील. त्यातला पहिला ओरिएंटेशनचा टप्पा म्हणजे नुसतं माझं नाव अमुक, मी स्टुडंट आहे, इतके दिवस इथं आहे, रोज ह्या वेळेला वीस मिनिटं तुमच्याशी बोलायला येईन, एवढं सांगणं आणि मग खरंच त्याच वेळेला येणं. पेशंट तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो. बहुतेक पेशंट कुणाला हात लावत नाहीत. तरी काळजी घ्यायची ती घे, दाराजवळची जागा धर पण दार अडवून बसू नको, गळ्यात लोंबणारं काही नको, हातभर अंतर, आणि कुणाबरोबर बसलीयस ते ड्युटीच्या सिस्टरला सांगून जा. फोन नंबर द्यायचा नाही. आपल्याकडं पेशंट लगेच आक्का, ताई म्हणतात, ते म्हणू देत, पण घरी गेल्यावरही त्यांच्या बहिणीसारखं सगळं मनावर घ्यायला लागलीस किंवा एखाद्यावर विनाकारण चिडायला लागलीस तर तेच काउंटर-ट्रान्सफरन्स, ते सरांना, मॅडमना बोलून दाखव. आणि डिस्चार्ज झालेला पेशंट उद्या गणपत गल्लीत दिसला तर आपणहून ओळख देऊ नको, त्यानं दिली तर बोल. सोबत कोण आहे, त्यांना काय माहीत आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

नोट्स कशा लिहू हेही तुला लागेल. धारवाडला बहुतेक पेशंट कन्नड बोलणारे, आपल्या सीमेवरचे मराठी, काहीजण उर्दू. तुला कन्नड जेमतेम येत असेल तर पेशंटच्या भावाला दुभाषा करून एमएसई, म्हणजे मनाच्या अवस्थेची तपासणी, घेऊ नको, भाऊ लाजेनं निम्मं गाळतो आणि उरलेलं स्वतःच्या शब्दात सांगतो. स्टाफपैकी कुणाला तरी सोबत घे. पेशंटचं वाक्य त्याच्याच भाषेत लिही, खाली इंग्लिशमध्ये अर्थ, आणि त्याखाली टर्म. ह्या क्रमानं लिहिलंस तर टर्म चुकली तरी वरचं वाक्य खरं राहतं, बघणारे डॉक्टर ती दुरुस्त करू शकतात. नुसती टर्म लिहिलीस आणि ती चुकली तर दुरुस्त करायला काहीच उरत नाही.

व्हायव्हालाही हेच चालतं. अफेक्ट म्हणजे काय विचारलं तर व्याख्या एका वाक्यात आणि लगेच "माझ्या केसमध्ये पेशंट असं बोलत होता आणि चेहरा असा होता" असं सांग. पहिल्या आठवड्यात एकच पेशंट घे, रोज त्याच वेळेला बस, आणि रात्री हॉस्टेलला आल्यावर त्या दिवशी त्याच्यात जे दिसलं तेवढ्याच टर्म्स पुस्तकात काढून वाच. पोस्टिंग संपताना त्याच्या घरच्यांना टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दे, तिथं मराठीत पण बोलता येतं आणि कन्नडमध्ये पण, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोचैतन्यचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मानसिक आरोग्य योजनेचं, क्लिनिक कधी असतं ते विचारून त्याच कागदावर लिही, म्हणजे गोळ्या संपल्या की धारवाडच्या गाडीभाड्यापायी औषध बंद पडणार नाही.